शुक्रवारच्या गर्दीचा अंदाज

आता काय सांगू तुम्हाला, आयुष्यात मी फजित्या पुष्कळ केल्या, पण कॉम्प्युटरला तोंडघशी पाडायची ही एकच! हसायचं असेल तर हसा, पण जरा बेतानं. मला लिहिता येत नाही. मी बोलतेय आणि आमची सून टाइप करतेय, आणि ही सगळी फजिती तिच्याच नोकरीवर बेतली होती.

तर ऐका. आटपाट सेक्टर होता. सेक्टरात सोसायटी होती, सोसायटीत टॉवर होते, आणि एका टॉवरच्या आठव्या मजल्यावर एक म्हातारी राहत होती. तिला एक मुलगा होता, श्रीकांत. तो कायम विमानात. एक सून होती, मेघना. ती कायम कॅबमध्ये. आणि म्हातारी कायम घरात. ती म्हातारी म्हणजे मी.

कराडला असताना हे वारले आणि श्रीकांतनं मला नोएडाला आणलं. तेव्हा नोएडा म्हणजे काय, जिकडे बघावं तिकडे क्रेन! आज मोहरीचं शेत दिसलं तर पुढच्या वर्षी तिथं मॉल. सकाळी मेघना गुडगावच्या ऑफिसला पळायची. गॅसवरचं दूध वर यायच्या आधी तिची कॅब गेटबाहेर. मग दार बंद, आणि मी आणि फ्रीज.

दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारी बाई एकच होती. लिफ्टमधली. 'दरवाज़ा बंद हो रहा है' म्हणायची. मी रोज तिला म्हणायचे, "हो गं बाई, होऊ दे." काय करणार? निदान ती हाक तरी मारायची!

मग श्रावण आला.

आता आमच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी कहाणी सांगायची असते, हे तुम्हाला माहीत आहेच. अक्षर एक ओळखत नसले तरी आईकडून ऐकलेल्या सगळ्या कहाण्या मला तोंडपाठ. पण कहाणीची एक अट असते. समोर ऐकणारं माणूस लागतं. त्याच्या हातात चार अक्षता द्यायच्या, त्यानं 'हं' म्हणायचं, आणि कहाणी अर्ध्यात सोडायची नाही.

आठव्या मजल्यावर ऐकणारं माणूस कुठून आणू?

मेघनाला विचारलं. "आई, संध्याकाळी ऐकते, बिल्कुल पक्कं!" म्हणाली. संध्याकाळी आली ती पायातल्या सँडलसकट सोफ्यावर झोपली. तिच्या मुठीत अक्षता ठेवल्या, त्या सकाळी कुशनखाली सापडल्या.

श्रीकांतला फोन लावला. "आई, बोर्डिंग सुरू झालंय गं, थोडक्यात सांग ना." आता कहाणी थोडक्यात कशी सांगायची? राजा होता आणि सगळं चांगलं झालं, असं?

लिफ्टमधल्या बाईला सांगून बघितली. राजा-राणीपर्यंत पोचते तोवर तळमजला आला आणि ती म्हणाली, दरवाज़ा खुल रहा है. शेवटी फ्रीजसमोर स्टूल घेऊन बसले. खोटं नाही सांगत, हुंकार तो छान द्यायचा. पण अक्षता कुठे ठेवायच्या? बर्फाच्या ट्रेमध्ये?

पुढच्या शुक्रवारी गुडघा दुखत होता म्हणून मार्केटमधल्या क्लिनिकमध्ये गेले. गोलगप्पेवाल्याच्या बरोबर वर ते क्लिनिक. शुक्रवारी तिथं म्हाताऱ्या माणसांचं बीपी फुकट बघायचे, फक्त आदल्या दिवशी फोन करून नंबर घ्यायचा. आत गेले तर काय! गार हवा, मऊ खुर्च्या, आणि भिंतीला टेकून आठ-दहा बायका गप्प बसलेल्या. पंजाबी, बंगाली, एक मद्रासकडची. सगळ्या माझ्याच वयाच्या, आणि सगळ्यांचे चेहरे फ्रीजसारखे.

माझ्या पदराच्या गाठीत अक्षता होत्याच. शेजारी एक गोरीपान, धिप्पाड सरदारीण बसली होती, सगळे तिला बीजी म्हणायचे. तिच्या हातात चार दाणे ठेवले आणि माझं हिंदी सुरू केलं.

"एक राजा था. उसको दो रानियाँ थी. एक आवडती, एक नावडती."

"ये नावडती क्या होता है, बहनजी?"

"जिसको घर में कोई पूछता नहीं, वो."

बीजींनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "लो जी! ये तो अपनी कहानी है!"

झालं. खुर्च्या सरकल्या. माझ्याभोवती कडं झालं. मी नावडतीला गोठ्यात पाठवली, तिला कोंड्याची भाकरी दिली, रानात काढली. बायकांचे डोळे एवढाले झाले. आणि नावडतीच्या समोर वाघ येऊन उभा राहिला तेवढ्यात रिसेप्शनवरची पूनम ओरडली, "मराठी आंटीजी! आपका नंबर!"

आत जावंच लागलं. बाहेर येते तर प्रत्येकीचा नंबर लागत गेलेला, घोळका पांगलेला. कहाणी अर्धी राहिली!

कहाणी अर्धी ठेवणं म्हणजे किती वाईट, हे मी प्रत्येकीला जिन्यात गाठून सांगितलं. "अगले शुक्रवार आना. पूरा सुनना पड़ता है, नहीं तो अच्छा नहीं होता."

पुढच्या शुक्रवारी सगळ्या आल्या. येताना बहिणी, विहिणी, शेजारणी घेऊन आल्या. नव्या बायकांसाठी पहिल्यापासून सांगावी लागली. परत वाघ आला, परत पूनम ओरडली!

आता यात माझा काय दोष, सांगा बरं? पुढं तर आणखीच गंमत झाली. वाघ नावडतीवर झेप घेणार, एवढ्यात उठून आत गेलेल्या बाईचं बीपी किती भरणार? डॉक्टर चक्रावले. "इस सेक्टर में शुक्रवार को सबका बीपी हाई कैसे आता है?" म्हणायचे आणि प्रत्येकीला सांगायचे, पुढच्या शुक्रवारी परत दाखवायला या. या म्हटलं की आम्ही येणारच!

असा तो श्रावण गेला, त्याच्या पुढचाही गेला. श्रावण संपला की मी कहाण्या बांधून ठेवायची, कारण त्या श्रावणातल्याच. गर्दी ओसरायची. घरी मी यातलं काही बोलले नव्हते. दवाखाना हा शब्द उच्चारला की श्रीकांत लगेच सतरा तपासण्या करायला लावतो. आणि मला मनापासून वाटत होतं, की बायका आजारी म्हणून येतात, आल्याच आहेत तर कहाणी ऐकतात. माझ्यासाठी कोण कशाला येईल?

तिसऱ्या वर्षी मेघनानं नोकरी बदलली. नवी कंपनी अशी लहान लहान क्लिनिकं चालवायची. आमच्या मार्केटमधलंही त्यांचंच निघालं. नोकरी अजून पक्की नव्हती, सहा महिने काम बघून ठरवणार होते. घराचा हप्ता मोठा, श्रीकांतच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललेलं. ही नोकरी टिकणं जरुरीचं होतं, हे मला न सांगताच कळत होतं. जेवताना ती एक घास खायची आणि दुसरा विसरायची.

एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली होती. मी मटार सोलत होते.

"हे काय गं चाललंय?"

"एक्सेल आहे, आई. मागच्या दोन वर्षांत कुठल्या दिवशी किती लोकांनी अपॉइंटमेंट घेतली, ते आकडे आहेत. त्यावरून यंदा कधी किती येतील ते सांगायचं. म्हणजे तेवढे डॉक्टर आधीच ठेवता येतात."

"न आलेल्या माणसांची मोजणी आधीच करायची?"

"तसंच. आता हे बघा, आपल्या मार्केटचं क्लिनिक. वर्षभर रेघ कशी सरळ आहे, आणि ऑगस्टमधल्या शुक्रवारी बघा! दोन्ही वर्षं!"

मी बघितलं. सरळ चाललेली रेघ एकदम कळसासारखी वर चढली होती.

"हे खरं असेल का, तेच कळत नाही," मेघना म्हणाली. "पावसाळ्यातले आजार म्हणावे तर बाकीच्या क्लिनिकमध्ये असं नाही. आकड्यांत चूक असेल. सरांना सांगू की नको?"

आणि इथं, मंडळी, मी तोंड उघडलं.

"चूक कसली? अगं, त्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते! मी या डोळ्यांनी बघितलंय."

"खरंच? तुम्ही बघितलंय?"

"देवाशपथ. बायका जिन्यात बसतात."

मेघनानं टेबलावर थाप मारली. "वा! याला म्हणतात ग्राउंड रिपोर्ट!" माझी मान ताठ झाली. सुनेच्या ऑफिसच्या कामात माझी मदत! त्या आनंदात मी मटारात साली टाकल्या आणि दाणे कचऱ्यात.

मेघनानं छातीठोकपणे कळवलं: ऑगस्टच्या शुक्रवारी या क्लिनिकला दोन डॉक्टर जास्तीचे हवेत, एक नर्स हवी, खुर्च्या हव्यात. तिच्या साहेबांनी सगळं मंजूर केलं.

ऑगस्ट आला. पहिल्या शुक्रवारी मेघना घरी आली ती चप्पल काढायची विसरली.

"आई, कोणी आलंच नाही."

"कुठं?"

"आपल्या क्लिनिकमध्ये! तीन डॉक्टर समोरासमोर बसून दिवसभर चहा पीत होते. नर्सनं स्वेटर विणायला घेतला. ऑगस्टमध्ये!"

"अगं, एखादा शुक्रवार जातो तसा."

दुसराही तसाच गेला. त्या संध्याकाळी मेघना बाल्कनीत जाऊन रडली. मला दिसू नये म्हणून वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहिली, पण चादर हलत होती ना.

"सर म्हणाले, अंदाज कशावरून केलात? मी म्हटलं, आकडे होते, आणि प्रत्यक्ष बघितलेलं माणूस होतं. आता पुढच्या शुक्रवारी ते स्वतः येणार आहेत. तेव्हाही असंच असलं, तर माझं काही खरं नाही. पण आई, तुम्ही तर बघितली होतीत ना गर्दी? कधी बघितली होतीत?"

"श्रावणात," मी म्हटलं.

आणि म्हणता म्हणता जीभ चावली.

कारण श्रावण अजून लागलाच नव्हता! म्हणजे लागला होता, पण तो धोंड्याचा. त्या वर्षी अधिक महिना नेमका श्रावणातच आला होता. व्रतं, कहाण्या सगळं पुढच्या, खऱ्या श्रावणात. म्हणून मी कहाण्यांची गाठ अजून सोडलीच नव्हती. मी गेले नव्हते, आणि गेले नव्हते म्हणून...

छे! असं कसं होईल? एवढी ती कॉम्प्युटरची रेघ, आणि ती माझ्यामुळं?

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? सुनेला जवळ बसवून सांगितलं असतं, की बाई गं, असं असं झालंय. मी काय केलं? मी म्हटलं, सांगायचं कशाला, पुढच्या शुक्रवारी गर्दी झाली की झालं! व्रताची कहाणी अधिकात चालत नाही, पण साधी गोष्ट सांगायला कोणाची बंदी आहे?

मेघना ऑफिसला गेल्यावर बीजींना फोन लावला.

"बीजी, शुक्रवार को आना. कहानी है."

"हाय राम, बहनजी! हम तो समझे आप बीमार हो! दो शुक्रवार से हम नीचे देखकर वापस जा रहे हैं. आप नहीं, तो ऊपर क्या करें?"

दोन शुक्रवार या बायका गोलगप्पेवाल्यापाशी येऊन, मान वर करून बघून परत जात होत्या. आणि मी वर आठव्या मजल्यावर फ्रीजचा हुंकार ऐकत बसले होते!

"सबको लाना," मी म्हटलं. "सबको."

बीजींना 'सबको' म्हणायचं नसतं, हे मला शुक्रवारी कळलं.

अख्खा सेक्टर आला! पलीकडच्या सेक्टरातल्याही आल्या. कोणी मठरीचे डबे आणले, कोणी लोकर आणली, एकीनं चादर आणून खालीच अंथरली. पूनमच्या टेबलावरचा फोन कोणाच्या तरी थर्मासमागे गेला. मी मधल्या खुर्चीवर बसून नावडतीला समुद्रापलीकडं पाठवलं, कारण रान मागच्या वर्षी संपलं होतं.

दारात मेघना आणि तिचे साहेब उभे राहिले. गर्दी बघून मेघनाचा चेहरा असा उजळला म्हणे, पूनमनं नंतर सांगितलं! मी तिला पाठमोरी होते, बायकांच्या डोक्यांआड. तिला मी दिसले नाही.

"देखा, सर?" तिचा आवाज आला. "फोरकास्ट सही था!"

"एक्सलंट," साहेब म्हणाले.

तेवढ्यात आतून डॉक्टर ओरडले, "नंबर एक!"

कोणी उठेना.

"नंबर एक! नंबर दो! अरे, कोई भी आ जाओ!"

"ठहरो जी!" बीजी गरजल्या. "नाव डूब रही है!"

तीनही डॉक्टर बाहेर आले. काय झालं म्हणून बघायला आले आणि चादरीच्या कडेला उभे राहिले ते राहिलेच. नर्स तर मांडी घालून बसली.

साहेबांना काही सुधरेना. ते बीजींजवळ वाकले. "माताजी, आपको तकलीफ़ क्या है?"

"तकलीफ़? तकलीफ़ हो मेरे दुश्मनों को! हम तो कहानी सुनने आए हैं. दो साल से आते हैं. ये मराठी बहनजी सुनाती हैं."

सगळ्या जणी बाजूला झाल्या, आणि मधोमध मी! हात वर, बुडत्या नावेच्या आविर्भावात.

"आई?" मेघना म्हणाली.

धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं. पण गोलगप्पेवाल्याच्या डोक्यावर धरणी कुठली?

मला दुसरं काही सुचेना. मी साहेबांना म्हटलं, "साहब, बहू की गलती नहीं. उसका हिसाब बराबर है. गर्दी मैं हूँ."

साहेब मेघनाला म्हणाले, "मंडे को नया फोरकास्ट चाहिए. माताजी को निकालकर." आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "वो... नाव का क्या हुआ?"

घरी आल्यावर मेघना बोलेना. मी आमटी केली, ती बोलेना. पोळ्या केल्या, बोलेना. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आई, अख्ख्या सेक्टरला कहाणी सांगितलीत. मला का नाही?"

"तुझ्या मुठीत अक्षता दिल्या होत्या," मी म्हटलं. "तू झोपली होतीस."

माझंही चुकलंच, असं टोचून बोलायला नको होतं.

रविवारी परत लॅपटॉप निघाला. मला शेजारी बसवून तिनं विचारलं, त्या दोन्ही वर्षी श्रावण कधी लागला, कधी संपला, मी कुठल्या शुक्रवारी गेले, कुठल्या नाही. मी सांगत गेले, ती एकेका शुक्रवारातून मला वजा करत गेली. तो कळस खाली खाली आला. शेवटी रेघ आडवी झाली, जमिनीवर निजल्यासारखी.

मी त्या रेघेकडं बघत राहिले. कराडहून आल्यापासून मला वाटायचं, आपण असलो काय, नसलो काय, या गावाला काय फरक पडतो? आणि इथं सूनबाई मला वजा करून दाखवत होती, किती पडतो ते!

"आई, रडताय?"

"छे गं. कांदा."

"कांदा कुठंय?"

मेघनाचा नवा अंदाज तंतोतंत उतरला, सगळ्या क्लिनिकांचा. नोकरी पक्की झाली. वर कंपनीनं नोएडात ऑफिस उघडलं आणि तिला तिथं आणलं, म्हणजे संध्याकाळी घरात माणूस दिसायला लागलं. ते बघून श्रीकांतही कधीमधी विमानातून उतरायला लागला. आणि श्रावणातल्या शुक्रवारी दुपारी क्लिनिकमागची मोठी खोली आम्हाला मिळाली, बीपी कहाणीच्या आधी मोजायचं या अटीवर. साहेबांची आई गुडगावहून गाडी करून येते. दरवर्षी उन्हाळ्यात साहेब मेघनाला पहिला प्रश्न हाच विचारतात, "माताजी का सावन इस बार कब है?"

खोली मिळाली त्याच्या पहिल्या शुक्रवारची गोष्ट सांगते आणि संपवते. किती बायका येतील याचा मेघनानं एक्सेलमध्ये अंदाज काढला, बरोबर तेवढ्या खुर्च्या मांडल्या. सगळ्या आल्या. एक खुर्ची कमी नाही, एक जास्त नाही. मी ऐटीत पदर सावरत आत शिरले, आणि बघते तर बसायला जागाच नाही!

मेघनानं कपाळावर हात मारला. "आई, सॉरी! तुम्हाला वजा केलं होतं ना, ते परत मिळवायचं राहिलं!"

बायका अशा हसल्या की सगळ्यांचं बीपी परत मोजावं लागलं. मेघना उठली, मला तिची खुर्ची दिली आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसली. तिनं मूठ उघडून पुढं केली. मी तीत चार अक्षता ठेवल्या.

"एक राजा था," मी सुरू केलं.

"आई, मराठीत सांगा ना," ती म्हणाली.

आणि काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं जिची वाट बघितली ती ऐकणारी समोर बसली, हातात अक्षता घेऊन, टक्क जागी. आणि मला पुढचं मराठीत आठवेचना! नावडतीला मराठीतून रानात कसं काढायचं, तेच विसरले होते मी. शेवटी बीजींनी आठवण करून दिली.

जशी मेघना मला ऐकणारी मिळाली, तशी तुम्हाआम्हा सगळ्यांना मिळो. ही आठव्या मजल्याची कहाणी तळमजल्यावर येऊन पोचली. दरवाज़ा खुल रहा है.